खुराडं आधी, कोंबड्या मागून

परसदारच्या कोंबड्या : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात कोंबड्यांवर पाच पत्रं आली. त्यांतल्या तिघांनी खाली ठळक लिहिलंय, ‘नाव छापू नये, शेजारी अंक वाचतात.’ म्हणून कुणाचंच छापत नाही, गाव तेवढं देते. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच, की मी रत्नागिरीत राहते, नोकरी बँकेत केली आणि कोंबड्या सासूबाईंकडून वारशाने आल्या. आज घडीला १९ आहेत. त्यांत दोन कोंबडे, आणि त्यांतला एक गटारीपर्यंतचा पाहुणा.

रत्नागिरी : शहरातच घर आहे, मागे साधारण १५ बाय २० फुटांचं परसू. दोन वर्षांपासून चार गावठी कोंबड्या आहेत. अंडी घरातच संपतात, बहिणीला आणि शेजारच्या काकूंना द्यावीशी वाटतात. आणखी आठ घ्याव्यात असा विचार आहे. बाजारात तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) आल्यात. मिरगाच्या आधी आणून टाकू का?

मिरगाच्या आधी नको, ताई. दसरा होऊ दे, मग आणा. मधले महिने खुराड्याला द्या.

आपल्या किनाऱ्यावर कोंबडीचा वैरी म्हणजे ओल. रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. परसातली माती सुकत नाही, कोंबड्या मोकळ्या सोडता येत नाहीत, खुराड्यातलं तूस दमट होतं आणि त्या दमटपणात रक्ती हगवणीचे जंतू माजतात. खाद्याच्या पोत्याला बुरशी धरते ती वेगळीच. तुमच्या चार जुन्या कोंबड्यांनी दोन पावसाळे काढलेत, त्या तगतील. पण टेम्पोत हेलकावे खात आलेली, घाबरलेली, तुमच्या परसातल्या जंतूंची सवय नसलेली तलंग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पंख पाडून कोपऱ्यात बसते. मग धावपळ सुरू.

आता जागा. तुमच्या परसात बारा कोंबड्या सहज मावतात. फिरायला एकीला ८ ते १० चौरस फूट धरा, म्हणजे १२० झाले, आणि तुमच्याकडे ३०० आहेत. अडचण रात्रीच्या निवाऱ्याची येते. आत एकीला दोन चौरस फूट तरी हवेतच, म्हणजे बारांना चार बाय सहा फुटांचं खुराडं. चौघींच्या पेटीत बारा कोंबून ‘रात्रीपुरतंच तर आहे’ म्हणणारे मी पाहिलेत. पावसाळ्यात ती रात्र दिवसाही चालू असते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्या. चार कोपऱ्यांना जांभ्याचे चिरे रचले की झालं. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून दक्षिणेची आणि पश्चिमेची बाजू बंद ठेवा. जाळी पूर्वेला आणि उत्तरेला. छप्पर जाळीच्या बाजूने दोन फूट बाहेर काढा, आणि पत्रा नुसत्या खिळ्यांवर सोडू नका, तारेने आवळा. निसर्ग वादळात, जून २०२०ला, वारा आमच्याकडे रायगडइतका नव्हता, तरी माझ्या खुराड्याचा पत्रा पलीकडच्या आगरात माडाला जाऊन लटकला होता. कोंबड्या आत छत्री नसलेल्या माणसासारख्या उभ्या.

आत बसायला दांडे हवेत. एकीला नऊ इंच धरा, बारांना नऊ फूट. लोखंडी पाइप नको, दोन इंची लाकडी रीप घ्या आणि तिच्या कडा घासून गोल करा. सगळे दांडे एकाच उंचीवर ठेवा, नाहीतर वरच्यासाठी रोज संध्याकाळी दंगा. अंड्यांचे खण तीन पुरे, पण ते दांड्यांपेक्षा खाली असू देत. वर असले तर कोंबड्या तिथेच झोपतात आणि सकाळी अंडं घाणीत सापडतं.

जाळीत पैसे वाचवू नका. ‘कोंबडी जाळी’ म्हणून जी षटकोनी जाळी मिळते ती कुत्रं दातांनी ओढून फाडतं, आणि आपल्या खाऱ्या हवेत ती लवकर गंजते. अर्ध्या इंची वेल्डेड जाळी घ्या. मुंगूस रात्रीच येतं असा अनेकांचा समज आहे. ते दिवसाढवळ्या येतं, तुम्ही आत चहा पीत असताना. दोन बोटांची फट त्याला पुरते. जाळी जमिनीत फूटभर पुरा. खाली कातळ लागला, आणि रत्नागिरीत तो लागतोच, तर जाळी बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून तिच्यावर चिरे ठेवा. उकरणारा प्राणी भिंतीच्या मुळाशीच उकरतो, चार पावलं मागे जाऊन उकरण्याएवढी अक्कल त्याला सुचत नाही.

आता तलंगा. इथे माझं पाप सांगते. २०१४च्या नोव्हेंबरात आठवडा बाजारातून सहा देखण्या तलंगा आणल्या आणि त्याच संध्याकाळी जुन्या अकरांत सोडल्या. दहा दिवसांनी सकाळी दार उघडलं तर माझी कवडी कोंबडी खुराड्याच्या मधोमध बसलेली. मान मागे वळून चोच आभाळाकडे झालेली, आणि दाणा दिसला की ती टिपायला जायची पण चोच भलतीकडेच पडायची. तूस हिरव्या पातळ विष्ठेने माखलेलं. मानमोडी. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात. आठवड्यात १७ मधल्या १४ गेल्या. विकणाऱ्याने ‘सगळ्यांना लस दिलीय’ म्हणून सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. विषाणूचा आजार, त्याला औषध नाही, आधी टोचून ठेवणं एवढाच उपाय.

म्हणून नव्या कोंबड्या आणाल त्या तीन-चार आठवडे वेगळ्या. वेगळ्या म्हणजे परसाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळं भांडं, वेगळं खाद्य, आणि आधी जुन्यांचं काम उरकून मग नव्यांकडे जायचं. त्यांच्याकडे जाताना चपला वेगळ्या. हसू येईल, पण विष्ठा चपलेच्या तळव्यालाच चिकटून फिरते.

खरं सांगायचं तर मी तुमच्या जागी असते तर तलंगा विकत घेतल्याच नसत्या. तुमच्याकडे गावठी आहेत, म्हणजे खुडूक (अंडी उबवायला) बसणारी एखादी असणारच. घरात कोंबडा नसेल तर ओळखीच्यांकडून फळलेली अंडी आणा, आठवड्याच्या आतली, फ्रिजमध्ये न ठेवलेली. टोपलीत गवत घालून दहा-बारा अंड्यांवर तिला नोव्हेंबरात बसवा. सासूबाई टोपलीत एक लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवायच्या, गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. नोव्हेंबरात कुठला गडगडाट, पण मीही ठेवते. सातव्या रात्री अंधारात मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या जाड टोकाला लावा. फळलेल्या अंड्यात तांबड्या शिरांचं कोळिष्टक दिसतं आणि मधे एक काळा ठिपका, नीट पाहिलं तर हलतो. नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर ते अंडं काढून टाका. २१ व्या दिवशी पिल्लं. निम्मे नर निघणार हे धरून चला, म्हणजे आठ माद्यांसाठी दोन टोपल्या तरी लागतील.

अंडी जास्त हवी असतील तर हिशोब बदलतो. गावठी वर्षाला ६०-८० अंडी देते, मधे मधे खुडूक बसते. ग्रामप्रिया, ऱ्होड आयलंड रेड त्याहून कितीतरी जास्त देतात, पण त्या खुडूक फारशा बसत नाहीत आणि त्यांना खाद्य मोजून लागतं, नुसत्या उकिरड्यावर त्यांचं भागत नाही. कडकनाथच्या मागे अंड्यांसाठी लागू नका, तो झाबुआचा काळा पक्षी मांसाला नावाजलेला आहे.

एक दिवसाची पिल्लं कोल्हापूरच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातून मागवता येतात, नोंदणी आधी करावी लागते. मी खोक्याला भोकं पाडून आंबा घाटातून एसटीने आणली आहेत. अंड्यातला उरलेला बलक पोटात असतो, त्यावर पिल्लू दोन दिवस काढतं, म्हणून प्रवास झेपतो. घरी आल्यावर मात्र ऊब. आणि इथे हल्ली सगळ्यांची फसगत होते: एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. जुना पिवळा ६० वॉटचा बल्ब शोधून आणा, २०-२५ पिल्लांना एक पुरतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढली तर गारठलीत, कडेला जाऊन चोच उघडून बसली तर उकडतंय. चहूकडे विखरून टिपत असली की तुम्ही झोपायला जा.

लशी अशा: ५ ते ७ व्या दिवशी मानमोडीची लासोटा, डोळ्यात एक थेंब. १४ व्या दिवशी गंबोरो नावाच्या आजाराची. २८ व्या दिवशी परत लासोटा. सहाव्या आठवड्यात कोंबड्यांच्या देवी रोगाची, आठव्यात मानमोडीची आर-टू-बी, ती टोचायची. कुपी शंभर पक्ष्यांची असते आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते. एवढ्यासाठी आमच्या आळीत आम्ही चौघीजणी एकाच दिवशी पिल्लं आणतो. थर्मासात बर्फ, बर्फात कुपी, आणि चार घरं चालत. दवाखान्यातले डॉक्टर पहिल्या वेळी दाखवतात, लाजू नका.

मालवण : पाच नवीन आणल्या, महिनाभर वेगळ्या ठेवल्या, आता एकत्र सोडल्या तर ‘जुन्यो कोंबयो नव्यांका खाऊक देनत नाय.’ एकीच्या डोक्यातून रक्त आलं. काय करूचा?

महिनाभर वेगळ्या ठेवल्यात हे वाचून बरं वाटलं. आता मधली पायरी राहिली. नव्यांना जुन्यांच्या अंगणातच जाळीच्या आड आठ-दहा दिवस ठेवा. दिसतील, आवाज ऐकतील, चोच लागणार नाही. मग अंधार पडल्यावर, जुन्या दांड्यावर झोपल्या की नव्या एकेक उचलून त्यांच्या शेजारी ठेवा. कोंबडीला अंधारात दिसत नाही, भांडण रात्री होत नाही, आणि सकाळी उठेपर्यंत अंगाचा वास-बिस कळो न कळो, शेजारीण रात्रभर तिथेच होती एवढं तरी होतं.

तरी टोचाटोची होणारच. कोण कुणाला दाण्यावरून हटवणार हे त्यांना ठरवायचं असतं, त्याला पाच-सहा दिवस लागतात. तुम्ही दोन गोष्टी करा: खाण्या-पाण्याची भांडी दोनच्या जागी चार, लांब लांब, आणि अंगणात आडोसे, म्हणजे एखादं उपडं डालगं (बांबूची मोठी टोपली), माडाच्या दोन झावळ्या भिंतीला टेकवून. पळून मागे लपायला जागा मिळाली की पाठलाग थांबतो. रक्त आलेलीला मात्र लगेच बाजूला काढा. कोंबड्यांना लाल रंग दिसला की त्या टोचतच सुटतात, जखम भरेपर्यंत तिला परत सोडू नका. हळद लावा, पिवळं दिसलं की त्यांचं लक्ष जरा कमी जातं, असा माझा अनुभव.

माझी तांबडी, सगळ्यांत खाष्ट, तिला मी उलटा उपाय केला. नव्यांऐवजी तिलाच चार दिवस वेगळं ठेवलं. परत आली तेव्हा तिचं स्थान गेलेलं होतं, आणि ती गुपचूप मागे उभी राहून दाणे टिपत होती. पाहून मला थोडं वाईटच वाटलं.

चिपळूण : पावसात खुराड्याला वास मारतो. शेजारचे काका नगरपरिषदेत जाईन म्हणतात, शिवाय बर्ड फ्लूची भीती घालतात. नऊ कोंबड्या आहेत.

काकांची वासाची तक्रार बरोबर आहे, दादा. तो अमोनिया. तो आधी कोंबडीच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, मग काकांच्या ओटीवर. तुम्ही उभे राहून वास घेता. एकदा उकिडवे बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन घ्या. डोळे चुरचुरले तर तूस बदलायला उशीर झालाय.

मूठभर तूस दाबून पाहा. गोळा तसाच राहिला तर ओलं, भुरभुरत सुटलं तर ठीक. खाली तीन-चार इंचांचा थर हवा, भाताचं तूस उत्तम, गिरणीत विचारा. रोज एकदा वरखाली करा. ओल फार असेल तर कोंबड्या बाहेर काढून चुन्याची भुकटी भुरभुरा आणि वर कोरडं तूस घाला. सगळ्यांत घाण दांड्याखाली पडते, कारण निम्मी विष्ठा रात्रीची. तिथे एक पत्रा सरकता ठेवा, सकाळी बाहेर ओढला की खरवडून बादलीत. एवढ्या एका पत्र्याने माझा वास निम्म्यावर आला. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, सांडतं तेच मूळ असतं बऱ्याचदा.

बादलीतलं खत ताजं झाडाला घालू नका, मुळं जळतात. पालापाचोळ्यात मिसळून तीन महिने मुरू द्या. मग त्यातलं एक पोतं काकांच्या माडाला. मी हा उपाय करून पाहिलाय, आता आमच्या शेजाऱ्यांची तक्रार ‘यंदा खत कमी दिलंत’ अशी असते. नगरपरिषदेत मात्र तुम्हीच आधी जा आणि आरोग्य विभागात काय नियम आहे तो विचारून ठेवा.

बर्ड फ्लूचं म्हणाल तर भीती निराधार नाही, पण ती योग्य जागी हवी. भारतात तो पहिल्यांदा २००६च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला, मोठ्या पोल्ट्र्यांमध्ये. तुमच्याकडे अचानक एकापाठोपाठ एक पक्षी मेले, किंवा आजूबाजूला कावळे मरून पडलेले दिसले, तर मेलेल्या कोंबडीला हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कापून पाहू नका, खाडीत टाकू नका. एरवी खाद्य-पाणी छपराखाली ठेवा, म्हणजे कावळे-कबुतरं त्यात चोच घालणार नाहीत.

आणि चिपळूण म्हणून एक जास्तीचं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलं होतं ती खूण तुमच्या भिंतीवर असेलच. तेवढ्या पाण्यापुढे दोन फूट उंचीचं खुराडं काय करणार. दोन मोठी डालगी जिन्याखाली कायम रिकामी ठेवा. पाणी वाढतंय असं वाटलं की कोंबड्या त्यात आणि त्या गच्चीवर. नऊ कोंबड्या दोन माणसांना दहा मिनिटांचं काम आहे, रात्री तर पाचच.

अलिबाग : अंड्यांची टरफलं कागदासारखी झालीत, बोट लागलं की फुटतात. आता एक कोंबडी स्वतःच अंडी फोडून खाते. खायला भात, पाव, घरातलं उरलंसुरलं आणि कधी सुक्या मासळीचं डोकं देतो.

भात-पावावर अंडं बनतं, टरफल बनत नाही. अंडी देणारीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं, आणि त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम. तांदळात ते नावापुरतं. निम्म्याहून जास्त लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, द्या, बाकी तुमचा भात. आणि अलिबागला राहून शिंपल्यांची काय कमी? तिसऱ्या, कालवं खाल्लीत की टरफलं धुऊन तव्यावर भाजा आणि खलबत्त्यात कुटा. पीठ करू नका, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवा. टरफल रात्री घडतं आणि जाडे तुकडे पोटात रात्रभर विरघळत राहतात. पीठ संध्याकाळीच निघून जातं. वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवं ती खाईल. पिल्लांना लेअर खाद्य नको, त्यांच्या मूत्रपिंडांना ते सोसत नाही.

सुक्या मासळीचं डोकं बंद. मीठ कोंबडीला फार लवकर बाधतं, पाणी पीत सुटते, हगवण लागते, पाय लुळे पडतात. बिनमिठाची सुकवलेली मासळी चालेल, थोडी. जास्त झाली तर अंड्याला वास येतो आणि मग बहिणी अंडी परत पाठवतात.

पत्र मे महिन्यातलं आहे, म्हणून हेही: उकाड्यात कोंबडी धापा टाकते, त्यानेही टरफल पातळ पडतं. सावली, आणि दुपारी एकदा पाणी बदलून गार पाणी.

अंडीखाऊसाठी कुणीतरी सांगेल, अंड्यात मिरचीपूड भरून ठेवा. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागतच नाही, ती मसाला अंडं म्हणून आवडीने खाईल. खण अंधारा करा, पुढे गोणपाटाचा पडदा टांगा, अंडी सकाळी दहाला आणि दुपारी परत उचला, आणि खणात एक पांढरा गुळगुळीत दगड ठेवा. चार दिवस दगडावर चोच आपटली की बहुतेकींचा नाद सुटतो. टरफलं घट्ट झाली की निम्मं दुखणं तसंही जातं.

सावंतवाडी : कोंबडा पहाटे साडेतीनला आरवतो, वाडीत बोलणी बसतात. कोंबडा नसला तर कोंबड्या अंडी देतील का?

देतील. तेवढीच. फक्त त्यांतून पिल्लं निघणार नाहीत. कोंबडा दहा कोंबड्यांमागे एक लागतो तो पिल्लांसाठी, आणि घार दिसली की ओरडून सगळ्यांना आत पिटाळण्यासाठी. पिल्लं नको असतील तर तो द्या कुणा खेड्यातल्याला. काहीजण रात्री काळ्या खोक्यात ठेवतात, मीही ठेवून पाहिला. साडेतीनच्या जागी पाचला आरवला, आणि खोक्यातून आवाज जास्त घुमला. द्यायचाच असेल तर आषाढात द्या, गटारीच्या आधी गावठी कोंबड्याला जो भाव येतो तो श्रावण लागल्यावर कुणी देत नाही.